जुन्या कॅटामरानचा गंजलेला पुढचा बीम: पट्टी मारावी की उघडून बघावं?

प्रश्न थोडक्यात असा. तीस वर्षं जुनी, ११ मीटर लांबीची फायबरग्लासची शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन समांतर धडांची (हलांची) नौका, घेतली आहे. दोन हलांची पुढची टोकं जोडणारा ॲल्युमिनियमचा आडवा बीम दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या ब्रॅकेटमध्ये बसतो, आणि तिथे रंगाला फोड आलेत. खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली, खाली नख आत जाईल एवढे खड्डे. शिवाय डाव्या श्राउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेच्या) चेनप्लेटखाली (ती तार नौकेला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीखाली), आतल्या कपाटात, तपकिरी ओघळ दिसतो. वेल्डर म्हणतो, बीम काढायची गरज नाही, जागेवरच साफ करून वरून पट्टी मारतो. मारून घ्यावी का? आणि हा मोसम काढता येईल का?

पट्टी नको. वेल्डिंग वाईट असतं म्हणून नव्हे. तुमच्या नौकेत जो भाग सडलाय तो अजून कोणी पाहिलेलाच नाही, म्हणून. फोड आलेत ब्रॅकेटच्या कडेला. खरा गंज असतो ब्रॅकेटच्या आत, जिथे हवा पोचत नाही आणि शिरलेलं खारं पाणी बाहेर पडत नाही. कडेवर पट्टी मारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बरीच वर्षं अशा नौका उघडत आलोय, त्यातून माझा एक हट्ट तयार झालाय. भार घेणारा जो जोड उघडून बघता येत नाही तो चांगला आहे असं धरायचं नाही, आणि दुरुस्ती करताना तो पुन्हा उघडता येईल असाच बांधायचा. पुढचं सगळं याच हट्टातून लिहितोय.

आधी त्या बीमवर येतं काय ते बघू. एका हलच्या नौकेत फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, थेट नाळेला (हलच्या पुढच्या टोकाला) बांधलेला असतो. कॅटामरानमध्ये फोरस्टे जिथे उतरतो तिथे नौकाच नसते; दोन नाळांमध्ये मोकळी हवा आणि जाळी. म्हणून तो आडव्या बीमच्या मध्यावर बांधतात. फोरस्टे बीमला मध्यावर वर ओढतो, आणि बीम धनुष्यासारखा वर वाकू नये म्हणून त्याच्यावर एक छोटा खांब उभा करून खांबाच्या डोक्यावरून दोन्ही टोकांना तार किंवा सळई ताणतात. हा सीगल स्ट्रायकर. (डोलकाठीखालच्या बीमला याच्या उलट, खालच्या बाजूने ताण देतात, तो डॉल्फिन स्ट्रायकर. दोघांची नावं लोक सर्रास एकमेकांना देतात. नाव चुकलं तरी चालेल, दिशा चुकली तर नाही.)

आता थोडा हिशोब. फोरस्टे २ टन जोराने वर ओढतोय आणि तो सगळा भार स्ट्रायकरच्या तारेवर आहे असं धरा. खांब अर्धा मीटर उंच आणि मध्यापासून टोकापर्यंत बीम २.२ मीटर असेल, तर तारेचा बीमशी कोन जेमतेम १३ अंशांचा होतो. इतक्या आडव्या तारांनी २ टन खाली धरून ठेवायचे तर प्रत्येक बाजूच्या तारेला साधारण साडेचार टन ताण घ्यावा लागतो. म्हणजे बीमच्या टोकाची कडी फोरस्टेच्या कडीच्या दुपटीहून जास्त भार घेत असते, आणि तुम्हाला भुकटी दिसली ती नेमकी तिथेच. शिवाय त्याच तारा टोकांना आत ओढत असल्यामुळे अख्खा बीम दोन्हीकडून दाबला जात असतो. हे ध्यानात ठेवा, पुढे दुरुस्ती ठरवताना उपयोगी पडेल.

कॅटामरानची आणखी एक खोड आहे. झोताचा वारा आला की एका हलची नौका कलते आणि वाऱ्याला थोडी वाट देते. कॅटामरान जवळपास कलत नाही. वाट न मिळालेला तो जोर तारांवर जातो आणि तारांमधून त्यांच्या मुळांवर. वर बसलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. चहाचा कप टेबलावर तसाच असतो आणि खाली चेनप्लेट आयुष्यातला सगळ्यात मोठा भार घेत असते.

गंजाकडे येतो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यांची बॅटरी बनते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. किती वेगाने, हे दोघांच्या क्षेत्रफळावर ठरतं. मोठ्या ॲल्युमिनियमच्या नळीत एखादा स्टेनलेसचा स्क्रू असेल तर झीज पसरून होते, वर्षानुवर्षं चालते. उलट मोठ्या स्टेनलेसच्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले तर रिव्हेट झपाट्याने संपतात. तुमची रचना या दोन्हींच्या मधली आहे: ब्रॅकेट मोठा, आणि रंग उडून उघडा पडलेला ॲल्युमिनियमचा पट्टा अरुंद. म्हणून झीज पसरत नाही, खोल जाते. रंगाने इथे फायद्यापेक्षा तोटाच केला असण्याची शक्यता आहे. ॲल्युमिनियमवर चांगला रंग आणि त्याला एकच ओरखडा, स्टेनलेस मात्र उघडं, ही सगळ्यात वाईट जोडी.

भुकटीचाही एक अर्थ असतो. ॲल्युमिनियम गंजून जे तयार होतं ते मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. म्हणूनच रंग फुगतो, बोल्ट जाम होतात, ब्रॅकेटची तोंडं फाकतात, आणि बीमचं टोक फायबरग्लासच्या खोबणीत बसवलेलं असेल तर खोबणीच्या कडेने केसासारख्या भेगा उमटतात. त्या भेगा दिसल्या की लोक जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा लेप) भरतात. भेग पाडणारा आतच राहतो.

बरेच जण अशा वेळी बीमला जस्ताचा तुकडा बांधतात. त्याने काही होत नाही. असा स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवणारा तुकडा, म्हणजे ॲनोड, काम करतो तो संरक्षण द्यायच्या धातूबरोबर त्याच पाण्यात बुडालेला असेल तरच. पुढचा बीम पाण्याबाहेर असतो, त्याच्यावर फक्त तुषार उडतात. तिथे जस्त म्हणजे नुसता दागिना.

बीम बाहेर काढायच्या आधी जागेवर तीन गोष्टी करून ठेवा. पहिली, सुतळी. टोकापासून टोकापर्यंत घट्ट दोरा बांधा आणि मध्यावर बीम दोऱ्यापासून किती वर आहे ते रिग (डोलकाठी आणि तिच्या तारा) ताणलेली असताना मोजा, मग ताण सैल करून पुन्हा मोजा. फरक किती येतो यापेक्षा ताण काढल्यावर बीम सरळ होतो की नाही हे महत्त्वाचं. वाकलेलाच राहिला तर धातू कधीतरी मर्यादेपलीकडे गेलाय, आणि मग गंज किती हा प्रश्नच गौण. दुसरी, छोटी हातोडी. संपूर्ण नळीवर हलके ठोके देत जा. निरोगी भिंत टणक वाजते, खाल्लेली बद्द वाजते. मात्र आत फोम भरलेला असेल तर सगळीच नळी बद्द वाजेल आणि कान फसतील. तिसरी, जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र. ते ॲल्युमिनियमसाठी लावून घ्या, पोलादासाठी नाही. दोन्हींमध्ये आवाजाचा वेग सारखा नसतो. मध्यावरची, टोकांजवळची, वरची, खालची जाडी लिहून ठेवा. नळी गोल आणि भिंत पातळ असल्याने यंत्राचा आकडा डगमगतो, म्हणून एका जागी तीनदा घ्या.

फोमचा विषय निघालाच आहे. काही जुन्या बीमांमध्ये बुडू नये म्हणून किंवा खणखणाट कमी व्हावा म्हणून फोम भरलेला असतो. स्क्रूच्या भोकांतून आत गेलेलं पाणी त्या फोममध्ये ओल्या पोटिसासारखं भिंतीला चिकटून राहतं आणि नळी आतून खाल्ली जाते. बाहेरचा रंग मात्र नवाकोरा. जाळी अडकवायच्या पट्टीचे स्क्रू बीमभर ओळीने असतात, तेही तपासा. चाळणीच्या भोकांसारखी ती ओळ असते आणि प्रत्येक भोकाभोवती छोटी झीज. एकेक खड्डा किरकोळ, पण ओळीने आले की कागदावरच्या टोचलेल्या रेघेसारखी गत होते. खालची निचऱ्याची भोकं उघडी आहेत का तेही बघा. कोणीतरी 'गळतं' म्हणून ती सीलंटने बुजवलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

आता बीम काढणं. इथे घाई करणारे मोठं नुकसान करून घेतात. डोलकाठी उभी ठेवून हा बीम काढायचा नाही. हॅलयार्ड (शीड वर चढवायच्या दोऱ्या) दोन्ही नाळांना बांधून डोलकाठी काही काळ धरता येते, आणि दोन दूरच्या नाळा असल्याने कॅटामरानवर ते सोयीचंही असतं. पण मधला बीम नसताना त्या हॅलयार्ड नाळांना आत ओढतात आणि नाळा एकमेकींकडे सरकू शकतात. क्रेन बोलवा, डोलकाठी उतरवा. नौका जमिनीवर दोन्ही हलखाली भक्कम ठोकळ्यांवर घ्या. मग बोल्टला हात लावायच्या आधी मापं घ्या: नाळेपासून नाळेपर्यंतचं अंतर, आणि प्रत्येक नाळेपासून डोलकाठीच्या पायापर्यंतचे दोन कर्ण. बीम निघाल्यावर अंतर बदललं तर ती मापंच तुम्हाला परत जागेवर आणतील. दोन नाळांमध्ये एक लाकडी वासा टेकवून बाहेरून रॅचेट पट्टा आवळून ठेवा, म्हणजे हल ना आत येतील ना बाहेर जातील. एकदा हे न केल्यामुळे नवा बीम बोटभर आखूड पडलेला पाहिलाय. बीम आखूड नव्हता, नौका फाकली होती.

बोल्ट सुटणार नाहीत, हे धरूनच चला. आजपासून भेदक तेल सोडत राहा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं निम्मं मिसळून घरीच बनवलेलं मिश्रणही चांगलं चालतं, फक्त ते पेट घेतं, तेव्हा गरम करायच्या दिवशी वापरायचं नाही आणि आधीचं पुसून, वाळू देऊन मगच हीटगन हातात घ्यायची. गरम केल्यावर ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, जवळजवळ दीडपट, म्हणून भोक बोल्टभोवती किंचित सैल होतं. दीडशे अंशांच्या आसपास थांबा. ज्योत लावून खूप तापवलंत तर उष्णतेने कडक केलेल्या ॲल्युमिनियमची ताकद तिथेच जाते, आणि बोल्ट वाचवण्याच्या नादात बीम घालवाल. गरम करा, इम्पॅक्ट ड्रायव्हरचे ठोके द्या, थंड होऊ द्या, पुन्हा भेदक तेल (ॲसिटोनचं नाही). दोन-तीन दिवस हा खेळ. पान्याला लांब पाइप लावून जोर करणाऱ्याच्या हातात शेवटी बोल्टचं डोकं येतं. डोकं तुटलंच तर मध्यावर पंच मारून उलट्या दिशेच्या ड्रिलने पोखरा. बरेचदा पोखरतानाच बोल्ट सुटून बाहेर येतो.

बीम टेबलावर आला की रंग पूर्ण काढा. भुकटी नायलॉनच्या किंवा स्टेनलेसच्या ब्रशने घासा, साध्या पोलादी ब्रशने नको. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून नवा गंज सुरू करतात. खड्डे तळाशी चकाकेपर्यंत साफ करा आणि मग खोली मोजा. संशयाच्या जागी लाल रंगाची डाय पेनेट्रंट चाचणी करा: स्वच्छ करा, रंग लावा, दहा ते वीस मिनिटं मुरू द्या, पुसा, डेव्हलपर (मुरलेला रंग वर ओढणारी पांढरी भुकटी) फवारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. बोल्टच्या भोकांच्या कडा आणि जुन्या वेल्डच्या कडा, या दोन ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ घालवा. ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. लहान भारसुद्धा पुरेशा वेळा आला तर भेग पडते, आणि प्रत्येक खड्डा हे तिचं तयार घरटं. तीस वर्षांच्या लाटांची बेरीज त्यात आहे.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, याचा माझा नियम पुस्तकी नाही, तो हाताचा आहे. खड्डा भिंतीच्या जाडीच्या दशांशापर्यंत असेल आणि एकटादुकटा असेल तर कानशीने त्याच्या कडा बशीसारख्या उतरत्या करायच्या, रंग द्यायचा, नोंद ठेवायची. पाचव्या भागाच्या पुढे गेला, किंवा खड्डे एकमेकांना भिडले, किंवा बोल्टची भोकं लांबट झाली, तर तो भाग आपल्या जोरावर उभा नाही असं समजायचं. पुढचा निर्णय जागेवर ठरतो. तसे खड्डे बीमच्या मधल्या भागात, फोरस्टेच्या कडीजवळ असतील तर मी बीम बदलतो, चर्चा करत नाही. तिथे वाकण्याचा ताण सर्वाधिक असतो. ते फक्त टोकांना असतील, तर वाचवता येतो. टोकाला वाकण्याचा भार थोडा असतो. दाब आणि कातर (कापू पाहणारा जोर) जास्त. दाबासाठी आतून घातलेली नळी उत्तम काम करते.

आणि इथेच तुमच्या वेल्डरचा मुद्दा निकालात निघतो. असे बीम बहुधा ६०६१ किंवा ६०८२ या मिश्रधातूंचे असतात आणि त्यांची ताकद कारखान्यात उष्णता देऊन कमावलेली असते. ६०६१ टी-६ (टी-६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला) साधारण २७५ मेगापास्कलपर्यंत ताण झेलून कायमचा वाकत नाही. वेल्ड केलं की वेल्डच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा निम्म्याच्याही खाली येतो, आणि अख्खा बीम पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. मी स्वतः एकदा हा शहाणपणा केलाय. माझ्याच नौकेच्या मागच्या बीमवर सुबक पट्टी मारली, वेल्ड बघणाऱ्याने कौतुक केलं असतं. पुढच्या मोसमात भेग पडली ती वेल्डला नाही, वेल्डपासून इंचभर अंतरावर, कडेने सरळ रेघ आखल्यासारखी. शिवाय तुमच्या बीममध्ये फोम असेल तर बाहेरून वेल्डिंग करताना तो आत जळेल. पॉलियुरेथेन फोमच्या धुरात सायनाइड असतं. वेल्डरला हे आधी सांगणं तुमचं काम आहे.

आतून नळी घालायची ती अशी. त्याच कुळातल्या मिश्रधातूची, आत जेमतेम जाईल अशी. टोकापासून आत बीमच्या व्यासाच्या निदान अडीच-तीन पट लांब. आतल्या बाजूचं तोंड सरळ कापू नका, करवतीच्या दात्यांसारखं किंवा तिरकं कापा. सरळ कापलं तर जिथे नळी संपते तिथे बीम एकदम मऊ पडतो आणि भेग तिथे जाते. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करा, आणि खरखरीत केल्यावर लगेच, ऑक्साइडचा नवा थर धरायच्या आत, इपॉक्सी लावून त्या ओल्या इपॉक्सीतच पुन्हा घासा. मग दाट केलेलं इपॉक्सी भरपूर लावून नळी आत सरकवा. इपॉक्सीचं मुख्य काम चिकटवणं नाही; दोन नळ्यांमध्ये पाण्याला जागा न ठेवणं हे आहे. भार बोल्ट घेतील.

बदलायचाच ठरला तर जुन्या डोलकाठीचा तुकडा बीम म्हणून वापरणं ही चांगली आणि रूढ पद्धत आहे, फक्त आकार नजरेने निवडू नका. गोल नळीचा ताठरपणा भिंत तेवढीच ठेवली तर साधारण व्यासाच्या घनाने बदलतो: १५० मिलिमीटरऐवजी १३० घेतला तर एक तृतीयांशाहून जास्त ताठरपणा जातो, आणि फोरस्टे कायम ढिला राहील. कार्बनचा बीम हलका आणि ताठ असतो. पण कार्बन ॲल्युमिनियमला स्टेनलेससारखंच, किंबहुना जास्तच, खातो, म्हणून त्याच्याभोवतीच्या जोडण्या काचेच्या थराने वेगळ्या कराव्या लागतात. ताठरपणा बदलला की भाराच्या वाटाही बदलतात. कार्बन घ्यायचा असेल तर नौका-अभियंत्याकडून आकडे काढून घ्या, हे काम अंदाजाचं नाही.

परत जोडताना एकच ध्येय: दोन धातूंच्या मध्ये काहीतरी हवं. ब्रॅकेट आणि बीममध्ये काच-इपॉक्सीच्या जी-१० पत्र्याची पट्टी, बोल्टभोवती प्लास्टिकची बाही, डोक्याखाली प्लास्टिकचा वॉशर आणि त्याच्यावर स्टेनलेसचा. बाहीसाठी नायलॉन नको, ते पाणी पिऊन फुगतं, ॲसिटल हे प्लास्टिक चांगलं. आट्यांना गंजरोधक पेस्ट लावा. ती नसली तर स्टेनलेसचे आटे स्टेनलेसच्या नटमध्ये आवळतानाच एकमेकांना चावून कायमचे जाम होतात. बोल्ट ए४ खुणेचे (जास्त गंजरोधक स्टेनलेसचे) घ्या, ए२ चे नाही. आणि कृपा करून तिथे कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन सीलंट लावू नका. ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा. पाणी अडतं आणि पाच वर्षांनी जोड हाताने उघडता येतो. निचऱ्याची भोकं सगळ्यात खालच्या जागी, दोन्ही टोकांना. जोड घट्ट हवा पण सिमेंटसारखा नको: दोन हल लाटेवर थोडे वेगवेगळे हलतात, आणि टोकं इपॉक्सीत गाडून टाकली तर ती हालचाल कुठेतरी लॅमिनेटमध्ये (फायबरग्लासच्या थरांत) भेग शोधेल.

चेनप्लेटवर मी तुमच्यापेक्षा जास्त घाबरलोय, हे सांगून टाकतो. बीम फुगून, भुकटी दाखवून निदान ओरडतो. स्टेनलेस मुकाट्याने मरतं. त्याचं गंजरोधकपण क्रोमियमच्या अदृश्य ऑक्साइडच्या थरावर चालतं आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. डेकच्या जाडीत, ओल्या लाकडात, सीलंटच्या फटीत ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठतं, आणि वर-खाली आरशासारखी चकाकणारी पट्टी नेमकी मध्ये कुरतडली जाते. ३१६ या प्रतीच्या स्टेनलेसमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते साध्या ३०४ पेक्षा जास्त तग धरतं, पण फटीत तेही हरतं. एका नौकेवर चेनप्लेटचे पाच बोल्ट काढायला घेतले. तीन पान्याला जोर लावायच्या आतच, खडूसारखे, मधून तुटले. डोकी चकचकीत होती. मालक नुकताच लांबची सफर करून आला होता.

ओघळ कुठून निघतोय ते बघा. उघड्या पृष्ठभागावरचा तपकिरी डाग वरवरचा असतो, पॉलिश केला की जातो. फटीतून, सीलंटखालून ओघळ बाहेर येत असेल तर आत काहीतरी झिजतंय. तुमचा ओघळ कपाटात, डेकच्या खाली आहे, म्हणजे हा दुसरा प्रकार. शिवाय पाणी आत येतंय, याचाही तो पुरावा. आजूबाजूच्या डेकवर हातोडी फिरवा; आत बाल्साच्या हलक्या लाकडाचा गाभा असेल तर ओला भाग बद्द वाजेल. चेनप्लेट ज्या प्लायवुडच्या बल्कहेडला (नौकेच्या आतल्या उभ्या भिंतीला) धरलेली आहे त्यात स्क्रूड्रायव्हर टोचा. मऊ लागलं तर पट्टी कितीही चांगली असली तरी ती कशालाच धरलेली नाही.

इथला भारही ढोबळ काढता येतो. नौका ५ टनांची आणि दोन हलांच्या मध्यरेषांत ४.५ मीटर अंतर असेल, तर एक हल पाण्यातून सुटायच्या क्षणी नौकेचा तोलणारा जोर ५ गुणिले २.२५, म्हणजे सव्वाअकरा टन-मीटर. चेनप्लेट डोलकाठीपासून आडवी २.२ मीटर दूर असेल तर ती या हिशोबाने ५ टनांच्या आसपास ओढली जाते. शहाणा खलाशी तिथवर जात नाही, आधीच शीड कमी करतो. पण तुटायला तिथवर जावं लागत नाही, निम्मी उरलेली पट्टी निम्म्यावर जाते.

दोन्ही बाजूंच्या चेनप्लेट काढा, फक्त ओघळाची नाही. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच पत्र्यातून बनलेल्या आहेत. डाय चाचणीत एकही रेघ उमटली तर टाका. घासून, पॉलिश करून परत बसवायचा मोह होईल. खड्डा पॉलिश केल्याने दिसेनासा होतो, भरून येत नाही. नव्या पट्ट्या ३१६ एल च्या (कमी कार्बनच्या ३१६ च्या) बनवा, जुन्यापेक्षा थोड्या जाड, कडा गोल, आणि शक्य असेल तर वेल्ड नसलेल्या. वेल्ड असलाच तर त्याच्या भोवतीचा निळा-तपकिरी डाग रसायनाने काढून घ्या. टायटॅनियम परवडत असेल तर समुद्राच्या पाण्यात त्याला फटीतला गंज लागत नाही आणि विषयच संपतो. डेकमधलं भोक मोठं करा, ओला गाभा खरवडून वाळवा, दाट इपॉक्सीने भरा, आणि त्या भरणीतून नवं भोक पाडा. मग पाणी आलं तरी गाभ्याला लागणार नाही. चेनप्लेट लॅमिनेटमध्ये गाडलेल्या असतील तर उकरत बसू नका. त्या तशाच राहू द्या, त्यांच्यावर भार टाकू नका, आणि हलच्या बाहेरून, आत रुंद पाठपट्ट्या देऊन, नव्या बसवा. दिसायला साध्या, पण दर मोसमाला पुसताना नजरेखालून जातील.

डोलकाठीच्या पायाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक चाचणी: रिग ताणलेली असताना केबिनचं दार अडतं आणि ताण काढल्यावर सहज लागतं का? तसं असेल तर डोलकाठीखालचा बीम किंवा बल्कहेड बसतंय. क्रेन आणणारच आहात, तेव्हा पायाची पट्टीही उचलून खाली बघा.

मोसमाचं बोलायचं तर, बीम आणि दोन्ही चेनप्लेट उघडेपर्यंत शीड चढवू नका. नौका हलवायचीच असेल तर इंजिनवर, शांत पाण्यात, आणि फोरस्टेचा भार दोन हॅलयार्डवर घेऊन. तोही डोलकाठी उभी राहावी एवढाच. उघडल्यावर टोकांपुरती झीज निघाली आणि नळी आतून घालायची ठरली, तर काम काही आठवड्यांचं आहे, मोसमाचा शेवट मिळेल. जोडल्यावर ताण एकदम देऊ नका: तीन टप्प्यांत द्या, प्रत्येक टप्प्याला दोरा लावून मापा, आणि पहिल्या दोन वेळा दहा-बारा नॉट वाऱ्यातच बाहेर जाऊन परत आल्यावर सगळे बोल्ट पान्याने तपासा.

बोल्टवर आज तेल सोडा. बीम निघाल्यावर मला तीन आकडे कळवा: मध्यावरची जाडी, प्रत्येक टोकाची सर्वांत कमी जाडी, आणि बोल्टच्या भोकांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास. नळी की नवा बीम, हे त्यावरून सांगतो.